काय केलं आणि कसं केलं : इंग्रजी व्याकरणातील क्रियापद आणि क्रियाविशेषण

आजचा विषय वाचून तुमच्यापैकी अनेकांना शाळेतला इंग्रजीचा तास आठवला असेल. व्हर्ब म्हणजे क्रियापद, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण. पहिलं क्रिया सांगतं, दुसरं त्या क्रियेविषयी जादा माहिती देतं. परीक्षेत शब्दाखाली रेघ ओढायची आणि दोन गुण पदरात पाडून घ्यायचे. मी व्याकरणाचा नव्हे, तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे मला या दोन शब्दांपेक्षा त्यांच्यामध्ये जी रेघ आहे तिच्यात जास्त रस आहे. ही रेघ कुणी ओढली, ती इंग्रजीत कशी पोचली, आणि पुढे तिच्यावर माणसांची कैद कशी अवलंबून राहू लागली, हे आज बघू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. काय घडलं हे क्रियापद सांगतं, पण घडलं त्याची जबाबदारी कुणावर किती, हे पुष्कळदा क्रियाविशेषण ठरवतं.

सुरुवात ग्रीसपासून करावी लागते, कारण इंग्रजी व्याकरणातले हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आले आणि त्यांच्यामागची कल्पना ग्रीकांची आहे. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात प्रश्न व्याकरणाचा नाहीच. प्रश्न असा आहे, की खोटं बोलणं शक्य कसं होतं? जे नाही ते बोलायचं कसं? उत्तर शोधताना प्लेटो वाक्याचे दोन भाग पाडतो, ओनोमा आणि रेमा. ओनोमा म्हणजे नाव, रेमा म्हणजे त्या नावाविषयी जे सांगायचं ते. नुसती नावं एकापुढे एक मांडली तर वाक्य होत नाही, नुसत्या क्रिया मांडल्या तरी होत नाही. दोन्ही जुळली की वाक्य होतं, आणि मगच ते खरं किंवा खोटं ठरू शकतं. थीटिटस बसला आहे, हे खरं. थीटिटस उडतो आहे, हे खोटं. म्हणजे बघा, क्रियापदाचा जन्म सत्य-असत्याच्या चर्चेत झालेला आहे.

त्यानंतर ॲरिस्टॉटलने एक नेमकी खूण सांगितली. क्रियापद आपल्या अर्थाबरोबर काळही सांगतं. 'आरोग्य' हे नाम. 'तो निरोगी आहे' यात 'आहे'मुळे काळ आला. ही खूण आजही इंग्रजीत चालते. वॉकचं वॉक्ड होतं, गोचं वेंट होतं. 'क्विकली'चा मात्र भूतकाळ होत नाही. काल धावलात तरी क्विकली, उद्या धावाल तरी क्विकली. विद्यार्थ्याला फरक ओळखायचा असेल तर ही कसोटी 'क्रिया दाखवणारा शब्द' या व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी आहे. कारण 'नो' म्हणजे जाणणं, 'बिलाँग' म्हणजे मालकीचं असणं, यांत कसली आली क्रिया? पण काळ दोघांनाही चिकटतो.

आता क्रियाविशेषणाकडे येऊ. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्याकडे त्याच्यासाठी वेगळा वर्ग नाही. तो पुढे तयार झाला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणात आठ शब्दजाती आहेत. त्यांत एक आहे एपिरेमा. 'एपि' म्हणजे वर किंवा जोडून, 'रेमा' म्हणजे क्रियापद. क्रियापदाला जोडून येणारा तो एपिरेमा. रोमन लोकांनी याचं शब्दशः रूपांतर केलं, ॲडव्हर्बियम, आणि तेच इंग्रजीत ॲडव्हर्ब झालं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नाम, क्रियापद यांना स्वतःचं नाव मिळालं. याला मात्र दुसऱ्याच्या नावाने ओळख मिळाली, एखाद्याला 'पाटलांच्या घरी असतो तो' म्हणावं तशी.

आणि पाटलांच्या घरी कोण कोण राहायला आलं बघा! ज्यांची रूपं बदलत नाहीत आणि ज्यांना दुसरीकडे जागा नाही, असे शब्द या वर्गात जमले. केव्हा, कुठे, किती, कसं हे तर होतेच. होकार, नकार, शपथ, इच्छा, आश्चर्य दाखवणारे शब्दही त्यातच. 'अरेरे', 'वाहवा' यांसारखे उद्गार ग्रीकांच्या हिशेबी क्रियाविशेषणंच होती. रोमन लोकांची अडचण निराळी. लॅटिनमध्ये इंग्रजीतल्या 'द'सारखं उपपद नाही, म्हणजे आठांतला एक वर्ग कमी झाला. मग त्यांनी उद्गारवाचकांना क्रियाविशेषणांतून बाहेर काढून वेगळा वर्ग दिला आणि आठाचा आकडा राखला. स्टोइक तत्त्वज्ञांनी या वर्गाला 'सगळं सामावून घेणारा' अशा अर्थाचं नाव दिल्याची नोंद प्राचीन व्याकरणात मिळते. हा वर्ग म्हणजे अडगळीची खोली आहे ही तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे.

इंग्लंडमध्ये ही कल्पना पोचली ती लॅटिन शिकवण्यासाठी. इसवी सन १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या मठवासी पंडिताने लॅटिनचं व्याकरण जुन्या इंग्रजीत लिहिलं. युरोपातल्या बोलभाषांत लिहिलेलं लॅटिनचं हे पहिलं व्याकरण मानलं जातं. क्रियापदाला त्याने साधं 'वर्ड' म्हटलं, कारण लॅटिन 'व्हर्बम'चा अर्थच शब्द. क्रियाविशेषणासाठी त्याने जो शब्दप्रयोग केला त्याचा अर्थ होतो 'शब्दाचा सोबती'. मला हे भाषांतर फार आवडतं. जोडलेल्या शेपटापेक्षा वाटेतला सोबती म्हणणं जास्त बरं. दुर्दैवाने हे नाव टिकलं नाही. १५८६ साली विल्यम बुलोकरने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं, तेव्हा त्याचा सगळा खटाटोप इंग्रजीलाही लॅटिनसारखे नियम आहेत हे दाखवण्याचा होता. लॅटिनचा आठ कप्प्यांचा पेटारा त्याने जसाच्या तसा इंग्रजीवर ठेवला.

इंग्रजीचा स्वभाव या पेटाऱ्यात नीट बसत नव्हता. का, ते 'ली' या प्रत्ययाच्या इतिहासावरून कळतं. जुन्या इंग्रजीत विशेषणाला 'ए' जोडला की क्रियाविशेषण होत असे. 'हर्ड' म्हणजे कठीण, त्याचं 'हर्डे' झालं की कठोरपणे. पुढे मध्ययुगात शब्दांच्या शेवटचा हा 'ए' उच्चारातून गळाला. झालं! विशेषण आणि क्रियाविशेषण यांचं रूप एकच झालं. 'अ हार्ड स्टोन' आणि 'शी वर्क्स हार्ड' यांतला 'हार्ड' असा आहे. ही मंडळी आळशी लोकांनी 'ली' गाळून तयार केलेली नाहीत, ती जुनीच, प्रत्यय झिजलेली रूपं आहेत.

मग वेगळेपणा दाखवायला 'ली' पुढे आला. हा 'ली' मुळात 'लिक', म्हणजे शरीर, देह. 'फ्रेंडली' म्हणजे ज्याचा देह, ज्याचं रूप मित्राचं आहे असा. म्हणून फ्रेंडली, लव्हली ही विशेषणं आहेत आणि 'ली' दिसला की क्रियाविशेषण, हा शाळकरी नियम तिथे फसतो. शेजारच्या फ्रेंचमध्ये काय झालं? तिथे 'मां' हा प्रत्यय लागतो, आणि तो आलाय लॅटिन 'मेन्ते'पासून, म्हणजे 'मनाने'. 'स्पष्ट मनाने' हा शब्दप्रयोग घासून 'स्पष्टपणे' झाला. एकाच कामासाठी इंग्रजीने देह घेतला आणि फ्रेंचने मन घेतलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली देणगी कोणती? कृती 'कशी' केली हे आपण शरीराच्या हालचालीवरून सांगतो की मनाच्या अवस्थेवरून, हाच तर पुढचा प्रश्न आहे. त्याच्याकडे येतोच.

'हार्ड' आणि 'हार्डली' यांची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. 'हार्डली'चा अर्थ एके काळी जोराने, कठोरपणे असाच होता. नंतर तो 'कष्टाने', 'जेमतेम' असा सरकत सरकत 'जवळजवळ नाहीच' इथपर्यंत आला. 'ही वर्क्स हार्ड' ही शाबासकी, 'ही हार्डली वर्क्स' हा शेरा. 'फास्ट' तर तिन्ही कप्प्यांत आहे. 'अ फास्ट ट्रेन' विशेषण, 'ही रन्स फास्ट' क्रियाविशेषण, आणि 'गांधीजी फास्टेड' क्रियापद. मुळात दोन्हीकडे अर्थ 'पक्कं, घट्ट' असा आहे. उपवास म्हणजे व्रत घट्ट धरणं. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, त्यातही वेग नाही, घट्टपणा आहे. आणि तिसऱ्या वाक्यात आपण क्रियापद कशावरून ओळखलं? त्याला भूतकाळाचा 'एड' लागला यावरून. ॲरिस्टॉटलची खूण इथेही उपयोगी पडली.

अठराव्या शतकात मात्र व्याकरणकार न्यायाधीश झाले. रॉबर्ट लाउथ, पुढे लंडनचा बिशप झालेला विद्वान, याने १७६२ साली इंग्रजीचं छोटेखानी व्याकरण लिहिलं आणि विशेषणं क्रियाविशेषणासारखी वापरणं अयोग्य ठरवलं. चुकांच्या उदाहरणांत त्याने शेक्सपिअरलाही सोडलं नाही. १७९५ साली लिंडले मरेने यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं, ते अमाप खपलं, आणि हे दंडक शाळाशाळांत गेले. भाषेच्या इतिहासात जे झीज होऊन झालं होतं, ते आता अडाणीपणाचं लक्षण ठरलं.

आपल्याकडे ही चौकट कशी आली? पाणिनीच्या व्यवस्थेत पदं दोनच प्रकारची, सुबन्त आणि तिङन्त. 'शीघ्रं गच्छति' यातलं 'शीघ्रम्' हे नपुंसकलिंगी द्वितीयेचं एकवचन म्हणून समजावता येतं. त्यासाठी स्वतंत्र शब्दजात उभारायची गरज नाही. मराठी व्याकरणाची आठ शब्दजातींची शालेय मांडणी आपण घेतली ती इंग्रजीच्या धर्तीवर, आणि तिची सुरुवात १८३६ साली निघालेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या व्याकरणाच्या काळातली. 'क्रियाविशेषण अव्यय' असं आपण म्हणतो. पण 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' इथे हे अव्यय लिंगाप्रमाणे बदलतं! उसन्या कोटाच्या बाह्या इथेही थोड्या आखूड पडल्याच.

पुन्हा इंग्लंडमध्ये जाऊ. जॉन हॉर्न टूक हा राजकारणी आणि भाषाविचारक. लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्ड इथे राजाच्या सैन्याने मारलेल्या अमेरिकनांच्या कुटुंबांसाठी वर्गणी जमवण्याची जाहिरात त्याने दिली आणि त्यापायी १७७७ साली त्याच्यावर बदनामीचा खटला होऊन तो तुरुंगात गेला. आपण दोन शब्दयोगी अव्ययं आणि एका उभयान्वयी अव्ययाचे बळी आहोत, असं तो म्हणत असे. कारण खटल्यातला काथ्याकूट अशाच लहान शब्दांच्या अर्थावर झाला होता. १७८६ साली त्याने मोठा ग्रंथ काढला आणि मांडलं, की भाषेत खरे शब्द दोनच, नाम आणि क्रियापद. बाकीचे सगळे त्यांचे संक्षेप. क्रियाविशेषण म्हणजे तर त्याच्या लेखी सगळा गाळ जमा होणारं गटार. टूकच्या बऱ्याच व्युत्पत्ती चुकीच्या निघाल्या. पण लहान शब्दावर माणूस तुरुंगात जातो, हे त्याने अनुभवाने सांगितलं होतं.

विसाव्या शतकातल्या ऑक्सफर्डने या गटारातच सोनं शोधलं. गिल्बर्ट राइलने १९४९च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये असा मुद्दा मांडला. एखादा माणूस 'हुशारीने' बुद्धिबळ खेळतो, तेव्हा तो दोन कामं करत नाही. डोक्यात एक हुशार काम आणि पटावर दुसरं, असं नसतं. काम एकच, ते हुशारीने केलेलं. क्रियाविशेषणाला दुसरं क्रियापद समजलात, की शरीराच्या आत लपलेलं एक भूत तुम्हाला उगीच मानावं लागतं. देह की मन, हा 'ली' आणि 'मेन्ते'चा प्रश्न असा परत आला.

जे. एल. ऑस्टिनने १९५६ साली 'सबबीं'वर व्याख्यान दिलं. माणूस सबब सांगतो तेव्हा केलेली गोष्ट नाकारत नाही, क्रियाविशेषण बदलतो. 'मी फोडलं खरं, पण चुकून.' त्याचं गाढवाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तुमचं आणि माझं गाढव एकाच कुरणात चरतं. मला माझं नकोसं झालं, मी नेम धरून गोळी घातली, जाऊन बघतो तर ते तुमचं निघालं. हे झालं 'चुकून'. दुसऱ्या वेळी मी माझ्यावरच नेम धरला, पण ऐन वेळी गाढवं हलली आणि तुमचं पडलं. हे 'अपघाताने'. मारलं हे क्रियापद दोन्हीकडे एकच. मराठीत बघा, 'चुकून' हे 'चुकणे'पासून, 'जाणूनबुजून' हे 'जाणणे' आणि 'बुजणे' यांपासून. आपली अनेक क्रियाविशेषणं ही थांबलेली क्रियापदंच आहेत.

हा सगळा विचार केवळ वर्गातला नाही. भारतीय दंड संहिता घ्या. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ साली मसुदा दिला, कायदा १८६० साली झाला. त्यात कलम २४ 'डिसऑनेस्टली'ची व्याख्या करतं, कलम २५ 'फ्रॉड्युलंटली'ची आणि कलम ३९ 'व्हॉलंटरिली'ची. कायद्याने एकेका क्रियाविशेषणाला स्वतंत्र कलम दिलं! आणि ते रोजच्या अर्थाने घेऊ नका. दरोडा सोपा जावा म्हणून कुणी रात्री वस्तीतल्या घराला आग लावली आणि त्यात माणूस दगावला. त्याला मृत्यू नको होता, कदाचित वाईटही वाटलं असेल. पण असं घडू शकतं हे माहीत असताना त्याने आग लावली, म्हणून कायद्याच्या भाषेत त्याने मृत्यू 'व्हॉलंटरिली' घडवला.

शिक्षेत काय फरक पडतो? हाड मोडणं ही कायद्याने 'जबर दुखापत'. ती कुणी 'इच्छापूर्वक' केली तर कलम ३२५, सात वर्षांपर्यंत कैद. तीच दुखापत कुणी 'बेदरकारपणे किंवा हयगयीने' वागून केली तर कलम ३३८, दोन वर्षांपर्यंत. एक्स-रे काढला तर दोन्ही हाडं सारखीच मोडलेली दिसतील. मधली पाच वर्षं क्रियाविशेषणाची आहेत. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे क्रमांक बदलले, पण हे शब्द व्याख्यांच्या यादीत आजही आहेत.

शेवटचं उदाहरण अमेरिकेचं. २००४ साली तिथे ओळखचोरीविरुद्ध कायदा झाला. काही ठरावीक गुन्हे करताना जो 'नोइंगली' दुसऱ्या व्यक्तीचं ओळखसाधन देतो, बाळगतो किंवा वापरतो, त्याला मूळ शिक्षेवर सक्तीची आणखी दोन वर्षं. आता व्याकरणाचा प्रश्न असा, की हे 'नोइंगली' कुठपर्यंत पोचतं? 'वापरतो' या क्रियापदापाशी थांबतं, की 'दुसऱ्या व्यक्तीचं' इथपर्यंत जातं? कामासाठी आलेला परदेशी मजूर बनावट कार्ड विकत घेतो. कार्ड खोटं आहे हे त्याला माहीत असतं. पण त्यावरचा आकडा मनाने रचलेला आहे की खरोखर कुणाचा आहे, हे त्याला माहीत नसतं.

१२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावातल्या मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले, बहुतेक ग्वाटेमालाचे. सक्तीच्या दोन वर्षांच्या या आरोपाची टांगती तलवार समोर धरल्यावर अडीचशेहून अधिक जणांनी कमी गुन्हा कबूल करून पाच महिन्यांची कैद पत्करली. वर्षभराने, ४ मे २००९ रोजी, फ्लोरेस-फिगेरोआ नावाच्या मेक्सिकन मजुराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की 'नोइंगली' शेवटपर्यंत पोचतं. आकडा खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध केलं पाहिजे. निकालातला युक्तिवाद अगदी घरगुती आहे. कुणी 'जाणूनबुजून चीजचं सँडविच खाल्लं' असं म्हटलं, तर त्यात चीज आहे हे त्याला ठाऊक होतं, असंच आपण समजतो. सगळे न्यायाधीश निकालावर सहमत होते. पण पोस्टव्हिलच्या कामगारांची शिक्षा तोवर भोगून झाली होती.

म्हणून मुलांना हा फरक शिकवताना दोन गोष्टी एकत्र सांगाव्यात, असं मला वाटतं. ओळखण्यासाठी काळाची कसोटी द्या. काळ लागतो ते क्रियापद, लागत नाही ते दुसरं काही. आणि मग विचारा, की हा सोबती काढून घेतला तर वाक्यातलं काय जातं? 'त्याने काच फोडली' यात घटना शिल्लक राहते. ती चुकून फोडली, की रागाने, की आत अडकलेल्या मुलाला बाहेर काढायला मुद्दाम, हे गेलेलं असतं. वर्तमानपत्रातल्या बातमीलाही हाच प्रश्न विचारून बघा. 'निष्काळजीपणे', 'हेतुपुरस्सर' हे शब्द तिथे कुणी घातले, पोलिसांनी, वकिलांनी की वार्ताहराने, आणि ते कुणी सिद्ध केले आहेत का?

वेळ संपली आहे, मी थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.